दौंड जंक्शन: इंजिनाची दिशा बदलणारे स्थानक

पुण्याहून नगरकडे रेल्वेने प्रथमच निघालेला मुसाफिर दौंडला गोंधळतो. गाडी थांबते, इंजिन सुटते, बराच वेळ काहीच घडत नाही आणि मग गाडी आल्या दिशेने उलटी चालू लागते. पुढे तोंड करून बसलेला माणूस आता पाठमोरा जातो, पहिला डबा शेवटचा होतो. जुने प्रवासी हसून सांगतात, “घाबरू नका, गाडी पुण्याला परत जात नाही. हे दौंड आहे.”

आमच्या शाळेतली मुले हाच प्रश्न विचारतात, सर, गाडी उलटी का जाते? हा प्रश्न भूगोलाचा वाटतो, पण त्याचे उत्तर इतिहासात आहे. दौंड स्थानकाच्या रुळांची मांडणी पाहिली की हे स्थानक कोणासाठी बांधले गेले आणि कोणासाठी नाही, हे समजू लागते.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने 1858 साली खंडाळा ते पुणे हा मार्ग सुरू केला आणि 1858-59 मध्ये पुण्याहून पूर्वेला, दौंडमार्गे बार्शी रोड म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत रूळ नेले. बोरघाटाचे काम मात्र 1863 साली पूर्ण झाले. म्हणजे दौंडला आगगाडी आली तेव्हा मुंबईहून सलग येणारी गाडी नव्हतीच. घाट पालखीतून, घोड्यावरून नाही तर पायी ओलांडायचा आणि वर येऊन पुन्हा गाडीत बसायचे. 1871 मध्ये हाच मार्ग रायचूरला मद्रासच्या रेल्वेला जाऊन मिळाला आणि दौंड एका मोठ्या वाटेवरचे गाव झाले. पण ते अजून जंक्शन नव्हते.

इथे शिरूरची आठवण काढणे भाग आहे. घोडनदीकाठचे शिरूर ही कंपनी सरकारची लष्करी छावणी. 1817 च्या अखेरच्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी निघाली ती याच शिरूरहून, आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावची लढाई झाली. पुणे-नगर वाटेवरचे महत्त्वाचे ठाणे शिरूर होते, दौंड नव्हे. रेल्वेने मात्र ही वाट धरली नाही. ती भीमेच्या खोऱ्यातून सोलापूरकडे गेली आणि शिरूर बाजूला राहिले. पुण्याहून नगरला थेट रेल्वे हवी, ही मागणी आजही निवेदनांत फिरते आहे. तालुक्याच्या या भागातला माणूस न्हावरे, चौफुला असे करत केडगावच्या नाही तर दौंडच्या फलाटावर येतो. एका बाजूला औद्योगिक वसाहती आणि हमरस्ता, दुसऱ्या बाजूला रूळ. दोन शेजारी तालुक्यांच्या नशिबातला हा फरक दीडशे वर्षांपूर्वी आखला गेला.

दौंडला जंक्शन केले ते दुष्काळाने. 1876 ते 1878 या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. दौंड-मनमाड मार्गाची माती उपाशी माणसांनी दुष्काळी काम म्हणून उपसली. त्या वर्षांत सरकारने रिचर्ड टेंपल यांच्या सल्ल्याने दुष्काळी कामांवरची मजुरी कमी केली. पुरुषाला दिवसाकाठी एक पौंड धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा! मुंबई इलाख्यात मजुरांनी याविरुद्ध कामे सोडली, पुणे सार्वजनिक सभेने सरकारला लिहिले. सुमारे 235 किलोमीटरचा दौंड-मनमाड मार्ग 1878 साली सुरू झाला. त्या मजुरांसाठी या मार्गावर एखादा दगड उभा केलेला मी तरी पाहिलेला नाही.

आता उलट्या गाडीचा हिसाब. हा मार्ग होण्यापूर्वी सोलापूरचा माल उत्तरेकडे न्यायचा तर बोरघाट उतरून कल्याणला जायचे आणि तिथून थळघाट चढून पुन्हा वर यायचे. दोन घाटांचा हा फेरा दौंड-मनमाड मार्गाने वाचला. रूळही त्याच सोयीने वळवले आहेत. मनमाडकडून येणारी गाडी भीमा ओलांडून पुण्याच्या बाजूने स्थानकात शिरते आणि सरळ सोलापूरकडे निघून जाते. कर्नाटक एक्सप्रेसला दौंडला तोंड फिरवावे लागत नाही ते यामुळे. झेलम पुण्याहून उत्तरेकडे निघाली, की तिला मात्र वर्षानुवर्षे इथे इंजिन बदलावे लागले. पुणे-नगरच्या माणसाची सोय आखणाऱ्यांच्या डोक्यात पहिली नव्हती.

पण याच गैरसोयीवर दौंड जगले. इंजिन सोडायचे, दुसऱ्या टोकाला जोडायचे, ब्रेक तपासायचे, म्हणजे माणसे लागणार. वाफेच्या काळात पाणी आणि कोळसाही लागे. खलाशी, फायरमन, पॉइंट्समन, गँगमन अशी वस्ती वाढली. गाडी थांबली, की चहावाला, भजीवाला, हमाल यांचा रोजगार सुरू. 1914 मध्ये बारामतीची छोटी गाडीही येऊन मिळाली. तो मार्ग पुढे रुंद झाला. रेल्वेच्या नोकरीने मद्रासी, तेलुगू, उत्तर हिंदुस्थानी, गोवेकर ख्रिस्ती आणि आमची दखनी बोलणारी मुस्लिम कुटुंबे एका चाळीत आणली. घरात दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी आणि साहेबापुढे मोडकी इंग्रजी, अशी चार भाषांची ये-जा इथल्या मुलाला आपोआप येते. आजोबा काय करायचे, असे वर्गात विचारले तर उत्तर एका शब्दात मिळते: “लोको.”

स्थानकाने गावाचे दोन भागही केले. रुळांखालून जाणारी कुरकुंभ मोरी हा त्या दोन भागांमधला दुवा. पावसाळ्यात तिथे पाणी साचले, की अलीकडचे अलीकडे आणि पलीकडचे पलीकडे.

आज दौंडचा फलाट पहाटे भरतो तो पुण्याला कामाला जाणाऱ्यांनी. हातात डबा, खिशात पास. पाटस, कडेठाण, केडगाव, खुटबाव, यवत, उरुळी, लोणी, मांजरी, हडपसर ही त्यांची रोजची जपमाळ. केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे, उरुळीला गांधीजींनी 1946 मध्ये निसर्गोपचार सुरू केला. पण धावत गाडी पकडणाऱ्याला त्याचे काय? अंतर सुमारे 76 किलोमीटर. पुणे-लोणावळा लोकल 1978 मध्ये सुरू झाली. दौंडच्या बाजूला विजेच्या तारा येऊन मार्च 2017 मध्ये डेमू धावली, तीही डिझेलवरची. जवळजवळ चाळीस वर्षांचे हे अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. त्यातच दौंड होते सोलापूर विभागात आणि त्याची माणसे रोज जात होती पुण्याला. 1 एप्रिल 2024 पासून दौंड पुणे विभागात आले. उपनगरी दर्जाची मागणी त्याआधीपासूनची आहे.

दरम्यान, पुण्याकडून येणारी गाडी दौंडमध्ये न शिरता परस्पर नगरकडे वळावी, म्हणून गावाबाहेर कॉर्ड लाइन झाली आणि तिच्यावर दौंड कॉर्ड लाइन नावाचे वेगळे स्थानकही आले. अनेक गाड्यांचा इंजिन फिरवण्याचा वेळ वाचला. लांबच्या मुसाफिराला हे हवेच होते. त्याला दोष कसा द्यायचा? पण रात्री-अपरात्री तिथे उतरणाऱ्या दौंडकराला घर गाठण्यासाठी आधी रिक्षा शोधावी लागते, आणि जुन्या फलाटावरचा चहावाला आता किटली घेऊन नगरकडच्या गाडीऐवजी पुण्याच्या पासधारकांची वाट पाहतो. ते घाईत असतात. चहा घेतला तर उभ्याउभ्याच घेतात.