जमीन एकाची, इमारत दुसऱ्याची

गावात देऊळ उभे राहते, धर्मशाळा उभी राहते, एखाद्या बलुतेदाराचे घर उभे राहते, त्या वेळी खालची जमीन कोणाची याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. मालक तोंडी ‘बांधा’ म्हणतो आणि भिंती चढतात. तंटा निघतो तो दोन पिढ्यांनंतर, वाटणी झाल्यावर किंवा जमीन विकली गेल्यावर. दुसऱ्याच्या भूमीवर बांधणाराचा हक्क किती, हा प्रश्न आपल्या देशात फार पुरातन आहे.

नारदस्मृतीत याचा स्पष्ट निर्णय दिलेला आढळतो. जो मनुष्य परक्याच्या भूमीवर घर बांधून तिचे भाडे, ज्यास तेथे ‘स्तोम’ म्हटले आहे, देऊन राहतो, त्याने जागा सोडताना गवत, लाकूड, विटा आदी सामान घेऊन जावे. परंतु जो भाडे न देता व मालकाच्या इच्छेविरुद्ध राहिला, त्यास हा अधिकार नाही. भुई मालकाची आणि तिच्यावर रचलेले सामान रचणाराचे, असा हा साधा हिशोब आहे. भुईभाडे ही रक्कम लहान असली तरी संबंध कायदेशीर असल्याची तीच खूण होती.

रोमन लोकांचा मूळ नियम याच्या उलट होता. जमिनीला जे जडले ते जमीनमालकाचे. पुढे त्यांनाही भुईभाडे देऊन बांधणारास संरक्षण द्यावे लागले. इंग्लंडात मात्र जुना नियमच प्रबळ राहिला. त्यामुळे इंग्रजी अंमलात येथील न्यायालयांपुढे पेच पडला की, विलायतेचा नियम लावावा की या देशाची वहिवाट पाहावी? १८६६ साली कलकत्ता हायकोर्टाच्या पूर्ण पीठाने, मुख्य न्यायमूर्ती सर बार्न्स पीकॉक यांच्या कारकीर्दीत, तो सोडविला. केवळ जमिनीस जडली एवढ्यावरून इमारत जमीनमालकाची होत नाही, असा निवाडा झाला. बांधणारा निव्वळ घुसखोर नसून प्रामाणिक हक्काने कब्जात असेल, तर त्यास सामान काढून जमीन पूर्ववत करून देता येते. अथवा मालकास इमारत ठेवून घ्यावयाची असल्यास त्याने तिची किंमत द्यावी. एका परकी न्यायाधीशाने येथील रिवाज मानला, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातही भाडेपट्टेदारास आपण उभारलेले सामान काढून नेण्याची मुभा मिळाली. मुंबई शहरात फाजेंदारी जागांवर भुईभाडे भरून लोकांनी घरे बांधली, ती याच समजुतीवर.

खेड्यातील गरिबाला मात्र सामान नेण्याच्या हक्काचा उपयोग थोडा. मातीची भिंत काढून नेणार कोठे? त्याला हवी होती ती जागाच. ती उणीव १९४८ च्या मुंबई कूळ कायद्याने बरीचशी भरून काढली. जमीनदाराच्या जागेवर कुळाने स्वखर्चाने घर बांधलेले असेल तर त्यास सहजासहजी हुसकता येईना, आणि जागा विकावयाची झाल्यास ती घेण्याचा पहिला हक्क त्यालाच मिळाला. शेतमजूर व गावचे कारागीर यांनाही हे संरक्षण लागू केले गेले. गोव्यात भाटकाराच्या भाटात घर करून राहणाऱ्या मुंडकारांसाठी १९७५ साली असाच कायदा झाला. त्यात घर व भोवतालची ठरावीक जागा विकत घेण्याचा हक्क आला.

अतिक्रमणाला मात्र यातले काही लागू नाही. गायरान व इतर सामाईक जमिनींवरील बेकायदेशीर कब्जे दूर करण्याच्या योजना राज्यांनी आखाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये बजावले. घरपट्टीची पावती जवळ आहे म्हणून जागा आपली झाली, असे मानणारे पुष्कळ भेटतात. ती पावती कर भरल्याची असते, मालकीची नव्हे.

आता तोंडी परवानगीवर बांधलेल्या देवळाचे पाहू. १८८२ च्याच सुविधाधिकार कायद्याप्रमाणे, परवानगीवर विसंबून कोणी खर्च करून पक्के काम केले असेल तर परवानगी देणारास ती मागे घेता येत नाही. येथपर्यंत बांधणाराची बाजू भक्कम आहे. परंतु त्याच कायद्यात असेही आहे की, जमीन दुसऱ्याकडे गेल्यास नवा मालक केवळ त्या कारणाने जुन्या परवानगीने बांधला जात नाही. कोर्टकज्जे रंगतात ते या दोन कलमांच्या मधल्या जागेत. नोंदणी केलेल्या भाडेपट्ट्याचे तसे नाही. जमीन विकली गेली तरी मुदत संपेपर्यंत पट्टा चालूच राहतो, आणि नवा मालक भुईभाडे घेण्यापुरता जुन्याच्या जागी येतो. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या अशा पट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्याने सक्तीची आहे.