नाव नसलेल्या कामगाराची नोकरी

मुंबई उच्च न्यायालयाच्या १९९७ सालच्या एका निकालात अर्जदाराला नाव नाही. नावाच्या जागी दोन अक्षरं आहेत : एमएक्स. ज्या सरकारी मालकीच्या कंपनीशी तो भांडत होता, तीही झेडवाय या अक्षरांमागे झाकलेली.

एमएक्स त्या कंपनीत रोजंदारीवर होता. कंपनीने वैद्यकीय तपासणी केली, त्यात एचआयव्ही निघाला. एरवी तो कामाला धडधाकट होता, तरी कामगारांच्या यादीतून त्याचं नाव कापलं गेलं.

तो न्यायालयात नाव लपवून का गेला, हे समजायला आठ वर्षं मागे, गोव्यात जावं लागतं. १९८९मध्ये डॉमिनिक डिसोझा या तरुणाने रक्तदान केलं होतं, त्यातून त्याला एचआयव्ही असल्याचं कळलं. त्याला कळण्याआधी पोलिसांना कळलं. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली त्याला क्षयरोग्यांच्या एका जुन्या इमारतीत ६४ दिवस कोंडून ठेवलं. आई लुसी न्यायालयात गेली. डॉमिनिक घरी आला, पण रुग्णाला असं वेगळं ठेवण्याची तरतूद उच्च न्यायालयाने वैधच ठरवली. डॉमिनिकचं नाव सगळीकडे झालं होतं, नोकरीही राहिली नाही. १९९२मध्ये तो गेला.

डॉमिनिकचे वकील होते आनंद ग्रोव्हर. एमएक्सचेही तेच. या वेळी त्यांनी आधी टोपणनावाने दावा चालवायची परवानगी मिळवली.

कंपनीचं म्हणणं वरवर व्यवहारी होतं. हा माणूस पुढे आजारी पडणार, मग त्याच्या उपचारांचा खर्च आणि बुडालेले कामाचे दिवस आम्ही का सोसायचे? मोफत एचआयव्ही औषधांची सरकारी योजना तेव्हा नव्हती, ती २००४ साली आली.

न्यायमूर्ती टिपणीस आणि रंजना देसाई यांनी प्रश्नच बदलला. माणसाला काय झालंय, यापेक्षा तो आज हे काम करू शकतो का आणि त्याच्यामुळे सहकाऱ्यांना धोका आहे का, एवढंच त्यांनी तपासलं. पहिल्याचं उत्तर हो आणि दुसऱ्याचं नाही असेल, तर केवळ एचआयव्हीमुळे काम नाकारणं घटनेच्या कलम १४ आणि २१ विरुद्ध ठरतं. निवृत्तीपर्यंत टिकेल अशी खात्री असलेल्यालाच घेऊ, ही भूमिका त्यांना अमानुष वाटली. एमएक्सचं नाव पुन्हा यादीत घालायचा आणि बुडालेल्या कमाईपोटी ४० हजार रुपये द्यायचा आदेश झाला.

पण समानतेचा हा हक्क सरकार आणि सरकारी कंपन्यांपुरता होता. खासगी मालकाला तो लागू नव्हता. त्यासाठी २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा यावा लागला. तो १० सप्टेंबर २०१८पासून लागू झाला. आता नोकरी देताना एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही, खासगी कंपनीलाही नाही.

मधुमेह, अपस्मार, संधिवात असलेल्या कुणालाही मुलाखतीत आजाराबद्दल विचारलं की पोटात गोळा येतो. हा निकाल एचआयव्हीबद्दलचा असला, तरी त्यातले दोन प्रश्न अशा वेळी लक्षात ठेवण्यासारखे आहेत : काम जमतं का? इतरांना धोका आहे का?

२०१७च्या कायद्यातही टोपणनावाने खटला चालवायची सोय ठेवली आहे. ती अजून लागते.