चारच्या चहाची कुळकथा

दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबात दुपारी चारला कुणी पाहुणा आला, तर पहिला प्रश्न ‘चाय मांडू का?’ हाच. ही वेळ आपल्या अंगवळणी पडली आहे खरी, पण चारच्या चहाचं कुळ शोधत गेलं की ते विलायतेतल्या एका डचेसच्या दिवाणखान्यात पोचतं.

१८४० च्या सुमारास तिथल्या बड्या घरांत रात्रीचं जेवण आठापर्यंत लांबू लागलं होतं. बेडफर्डच्या डचेस ॲनाला संध्याकाळ व्हायच्या आतच भूक लागे. तिनं चहा आणि लोणी लावलेला पाव खोलीत मागवायला सुरुवात केली, मग मैत्रिणींना बोलावलं, असं सांगतात. सामान्यांना ही चैन मिळाली ती १८६४ पासून. त्या वर्षी लंडनच्या एरेटेड ब्रेड कंपनीनं पावाच्या दुकानातच चहाची टेबलं मांडली. पुरुषाची सोबत नसलेल्या बाईनं बदनामीची भीती न बाळगता बसावं, अशी जागा तेव्हा दुर्मीळ होती. टी रूमचं खरं यश हेच; केक आणि सँडविच दुय्यम.

त्याआधीची एक गंमत आपल्या अंगणातली. १६६२ मध्ये पोर्तुगालची कॅथरीन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली. नवऱ्याला मुंबई आंदण मिळाली आणि सासरच्या दरबाराला चहाचा शौक!

मराठी मुलखात मात्र विलायती चहापानानं पहिला मोठा भडका उडवला तो पुण्यात. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानासाठी शहरातली बडी मंडळी जमली. न्या. रानडे होते, टिळकही होते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. कुणी चहा प्यायले, कुणी नुसता पेला हाती घेऊन खाली ठेवला. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव यांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणेवैभव’मध्ये छापून आणली आणि सनातन्यांनी ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उभं केलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशीला मंडळ नेमलं गेलं. आपण काशीला प्रायश्चित्त घेतलं आहे, असं टिळकांनी सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं, तेव्हा सुधारक मित्रच त्यांच्यावर चिडले. तंटा चहाच्या पानांचा नव्हताच. तो कुणाच्या हातचं घेतलं याचा होता.

वऱ्हाडात चहा रुजला त्यामागे व्यापार होता. १९०३ मध्ये मळेवाल्यांच्या मागणीवरून निर्यातीच्या चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून जाहिरात सुरू झाली. याच काळात यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापूरला जाणारी अरुंद रुळांची गाडी धावू लागली. पुढे ‘शकुंतला’ म्हणून ओळखली गेली ती हीच. वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला पोचवण्यासाठी टाकलेला हा मार्ग.

पुढे चहाच्या त्या जाहिरातीतूनच देशभरच्या स्टेशनांवर चहा करायची रीत शिकवणाऱ्या पाट्या लागल्या. पाणी उकळा, पानांवर ओता, झाकून मुरू द्या. आपल्या हॉटेलवाल्यानं ते मनावर घेतलं नाही. त्यानं पत्ती, दूध, साखर एकाच पातेल्यात टाकली आणि चांगली खळखळू दिली, वरून आलंही ठेचून घातलं. थोड्या पत्तीत जास्त कप निघत. विलायती कृतीचा असा निकाल लावला, ते बरंच झालं.

एका बाबतीत मात्र गावचं हॉटेल लंडनच्या टी रूमपेक्षा मागे पडलं. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत दलित गिऱ्हाइकासाठी कपबशी वेगळी ठेवत. बाहेर बसून प्यायची आणि स्वतःच विसळून ठेवायची. पंचहौदच्या पेल्यावर ग्रंथ लिहिले गेले, या कपबशीवर त्या मानानं फारच थोडं. सार्वजनिक हॉटेलातली भांडी अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला वापरू न देणं हा देशभर गुन्हा ठरला तो १९५५ च्या कायद्यानं.