'लुकिंग फॉर लव्ह' : शहरी गुराख्यांचे प्रेमगीत

अमेरिकेतील कंट्री संगीत हे मूलतः दक्षिणेकडील खेड्यापाड्यांचे, शेतमजुरांचे आणि गुराख्यांचे संगीत मानले जाते. मात्र १९८० मध्ये या संगीताला शहरी तरुणाईत अभूतपूर्व लोकप्रियता लाभली. या लाटेचा चेहरा ठरलेले गीत म्हणजे जॉनी ली यांनी गायलेले 'लुकिंग फॉर लव्ह'. 'अर्बन काउबॉय' या चित्रपटातील हे गीत त्या वर्षी 'बिलबोर्ड'च्या कंट्री क्रमवारीत सलग तीन आठवडे अव्वल राहिले. सर्व प्रकारच्या संगीताचा समावेश असलेल्या 'हॉट १००' या यादीतही त्याने पाचव्या स्थानापर्यंत मजल मारली.

नाकारलेले गीत

वांडा मॅलेट, पॅटी रायन आणि बॉब मॉरिसन या तिघांनी मिळून हे गीत रचले. त्यांपैकी मॅलेट व रायन या मिसिसिपी राज्यातील शाळाशिक्षिका होत्या, तर मॉरिसन हे व्यावसायिक गीतकार. ध्वनिमुद्रणापूर्वी हे गीत अनेक गायकांकडे पाठविण्यात आले होते. परंतु प्रत्येक वेळी पदरी नकारच आला. अनेक भेटीगाठींतून निराश झालेल्या आणि अखेर सोबत गवसलेल्या माणसाचे मनोगत, एवढाच त्याचा आशय. त्यात नवे असे काही नव्हते. त्याला हवी होती ती योग्य पार्श्वभूमी. ती टेक्सासमधील एका मद्यालयाने पुरविली.

पासाडेनातील 'गिलीज'

ह्यूस्टनलगतचे पासाडेना हे तेलशुद्धीकरण आणि रसायन कारखान्यांचे गाव. तेथे गायक मिकी गिली आणि व्यावसायिक शेरवूड क्रायर यांनी १९७१ मध्ये 'गिलीज' सुरू केले. मद्य, नृत्य आणि रोजचा गाण्याचा कार्यक्रम असे त्याचे स्वरूप होते. पुढे सुमारे ६,००० लोक मावतील इतका त्याचा विस्तार झाला. दिवसभर कारखान्यात राबणारे कामगार संध्याकाळी काउबॉय टोपी व बूट घालून येथे येत. प्रत्यक्ष गुरांशी त्यांपैकी अनेकांचा संबंध उरला नव्हता. म्हणून हौस भागविण्यासाठी यांत्रिक बैल बसविण्यात आला होता.

या जगाविषयी पत्रकार अ‍ॅरन लॅथम यांनी १९७८ मध्ये 'एस्क्वायर' मासिकात लेख लिहिला. त्यावरूनच जेम्स ब्रिजेस दिग्दर्शित 'अर्बन काउबॉय' जून १९८० मध्ये पडद्यावर आला. लहान गावातून कामासाठी आलेला बड (जॉन ट्रॅव्होल्टा) आणि 'गिलीज'मध्ये त्याला भेटणारी सिसी (डेब्रा विंगर) यांचा घाईतला विवाह, बेबनाव आणि पुनर्मीलन ही त्याची कथा. गाव मागे सुटलेले आणि शहर अद्याप आपलेसे न झालेले, अशा तरुणांचा एकटेपणा या कथेच्या मुळाशी आहे. अनेकांनी बाजूला सारलेल्या गीताला येथे नेमका अर्थ सापडला.

गायकाचे भाग्य

१९४६ मध्ये टेक्सास सिटी येथे जन्मलेले जॉनी ली दुग्धशाळा असलेल्या शेतावर वाढले. 'गिलीज'मध्ये ते मिकी गिली यांचे सहकारी म्हणून अनेक वर्षे गात होते. देशभरात मात्र त्यांचे नाव फारसे परिचित नव्हते. या गीताने ते चित्र पालटले. 'वन इन अ मिलियन', 'बेट युवर हार्ट ऑन मी' आदी त्यांची गीतेही पुढे कंट्री क्रमवारीत अव्वल ठरली. चित्रपटातील गिली यांचे 'स्टँड बाय मी' आणि अ‍ॅन मरे यांचे 'कुड आय हॅव धिस डान्स' यांनाही तोच मान मिळाला.

लाट ओसरली

चित्रपटानंतर अमेरिकेच्या शहराशहरांत काउबॉय टोप्या आणि यांत्रिक बैलांची टूम निघाली. कंट्री संगीतही अधिक गुळगुळीत, पॉपकडे झुकणारे झाले. जुन्या रसिकांना ते रुचले नाही. काही वर्षांतच ही लाट ओसरली आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात रँडी ट्रॅव्हिस यांच्यासारख्या गायकांनी पारंपरिक बाजाकडे पुन्हा लक्ष वेधले. गिली व क्रायर यांच्यातील वाद न्यायालयात गेला. १९८९ मध्ये 'गिलीज' बंद पडले आणि पुढच्याच वर्षी ते आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. मिकी गिली यांचे २०२२ मध्ये निधन झाले.

वास्तू गेली, टूमही गेली. गीत मात्र टिकले. जॉनी ली यांनी आपल्या आत्मचरित्राच्या नावातही याच गीताचे शीर्षक घेतले आणि त्याआधी एकच शब्द जोडला : 'स्टिल', म्हणजे 'अजूनही'.