पुढचा पोप कोण? अंदाजांची परंपरा, निवडीचे नियम आणि भारतीय नावे

लखनौ : रोमन कॅथलिक चर्चचे सर्वोच्च धर्मगुरू पोप फ्रान्सिस यांचे २१ एप्रिल २०२५ रोजी वयाच्या ८८ व्या वर्षी व्हॅटिकनमध्ये निधन झाले आणि ८ मे रोजी त्यांच्या जागी पोप लिओ चौदावे यांची निवड झाली. मधल्या सतरा दिवसांत जगभरातील वृत्तपत्रे व वाहिन्यांनी संभाव्य पोपच्या याद्या प्रसिद्ध केल्या. पोपचे पद रिक्त झाले की अशा याद्या हटकून तयार होतात आणि गेल्या दोन दशकांत त्यांत भारतीय नावेही येऊ लागली आहेत. ही नावे पुढे कशी आली, ती मागे का पडली आणि रोममधील या निवडीशी लखनौसारख्या शहरातील कॅथलिक समाजाचा नेमका काय संबंध आहे, याचा हा आढावा.

लखनौचा कॅथलिक धर्मप्रांत १९४० मध्ये अलाहाबाद धर्मप्रांतातून वेगळा करण्यात आला. हजरतगंज भागातील सेंट जोसेफ कॅथेड्रल हे त्याचे मुख्य चर्च. २०११ च्या जनगणनेनुसार उत्तर प्रदेशात सर्व पंथांचे मिळून सुमारे ३ लाख ५६ हजार ख्रिस्ती होते. राज्याच्या लोकसंख्येत हे प्रमाण केवळ ०.१८ टक्के भरते. या छोट्या समाजातील सामान्य भाविकाला अथवा त्याच्या बिशपांना पोपच्या निवडीत मत नाही. मात्र लखनौच्या बिशपपदी कोणाला नेमायचे, याचा अंतिम निर्णय पोपच घेतात.

अंदाजांची जुनी परंपरा

पोपपदासाठी योग्य मानल्या जाणाऱ्या कार्डिनलांना इटालियन भाषेत ‘पापाबिले’ म्हणतात. या अंदाजांना काही शतकांचा इतिहास आहे. रोममध्ये पूर्वी पोपच्या निवडीवर पैजा लागत असत. पोप ग्रेगरी चौदावे यांनी १५९१ मध्ये अशा पैजांना बंदी घातली आणि त्या लावणाऱ्यांना धर्मबहिष्काराची शिक्षा ठरवली.

पोप होऊन निवडसभेत शिरणारा कार्डिनल होऊनच बाहेर पडतो, अशी रोममध्ये म्हण आहे. ती नेहमीच खरी ठरलेली नाही. १९६३ मध्ये जोव्हानी बात्तिस्ता मोंतिनी आणि २००५ मध्ये जोसेफ रात्झिंगर यांची नावे आधीपासून आघाडीवर होती आणि तेच अनुक्रमे पॉल सहावे व बेनेडिक्ट सोळावे झाले. मात्र ऑक्टोबर १९७८ मध्ये पोलंडच्या कारोल वोयतिला यांची निवड बहुतेकांना अनपेक्षित होती. तब्बल ४५५ वर्षांनी प्रथमच इटलीबाहेरची व्यक्ती पोप झाली. २०१३ मध्ये मिलानचे आर्चबिशप आंजेलो स्कोला यांचे नाव इतके चर्चेत होते, की इटलीच्या बिशप परिषदेकडून त्यांच्या अभिनंदनाचा संदेश चुकून प्रसृत झाला. प्रत्यक्षात निवड झाली होती ती अर्जेंटिनाच्या होर्हे मारिओ बेर्गोग्लिओ यांची, म्हणजेच पोप फ्रान्सिस यांची.

२०२५ मध्ये व्हॅटिकनचे परराष्ट्र व प्रशासकीय व्यवहार सांभाळणारे पिएत्रो पारोलिन, फिलिपिन्सचे लुईस अंतोनियो टागले, बोलोन्याचे मात्तेओ झुप्पी आणि हंगेरीचे पेटर एर्डो ही नावे सर्वाधिक घेतली गेली. शिकागोत जन्मलेले आणि पेरूमध्ये बिशप राहिलेले रॉबर्ट प्रेव्होस्ट काही याद्यांत होते. मात्र महासत्तेचा नागरिक पोप होणार नाही, असा सर्वसाधारण समज होता. चौथ्या फेरीत तेच निवडले गेले.

निवडीची पद्धत

निवडसभेला ‘कॉन्क्लेव्ह’ म्हणतात. लॅटिनमध्ये या शब्दाचा संबंध किल्लीशी, म्हणजे कुलूपबंद खोलीशी आहे. तेराव्या शतकात इटलीतील व्हितेर्बो येथे पोपची निवड १२६८ ते १२७१ अशी जवळपास तीन वर्षे रखडली. त्यातून निवडून आलेले ग्रेगरी दहावे यांनी १२७४ च्या लिआँ परिषदेत मतदारांना बंद दाराआड ठेवण्याचा नियम केला.

आजची निवड मुख्यतः पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार होते. पद रिक्त झाल्यापासून साधारणपणे १५ ते २० दिवसांत कॉन्क्लेव्ह सुरू व्हावी लागते. मतदान सिस्टिन चॅपेलमध्ये होते. पहिल्या दिवशी एक आणि त्यानंतर रोज चार फेऱ्या घेता येतात. निवडीसाठी दोन तृतीयांश मते लागतात. २०२५ मध्ये १३३ कार्डिनलांनी मतदान केले, त्यामुळे ८९ मतांची गरज होती. मतपत्रिका जाळल्या जातात. काळा धूर म्हणजे निर्णय नाही, पांढरा धूर म्हणजे नवा पोप निवडला गेला.

प्रचाराला या पद्धतीत स्थान नाही. पोप हयात असताना, त्यांच्याशी विचारविनिमय न करता, त्यांच्या उत्तराधिकाऱ्याच्या निवडीबाबत बेत आखणे किंवा मतांची आश्वासने देणे १९९६ च्या नियमांनी निषिद्ध ठरवले आहे. मतांच्या देवघेवीचे करार करणाऱ्या मतदारांना धर्मबहिष्काराची शिक्षा आहे. उमेदवारी अर्ज नाही, जाहीरनामा नाही, अधिकृत यादीही नाही. त्यामुळे वृत्तपत्रांतील याद्यांना आधार उरतो तो कार्डिनलांच्या भाषाज्ञानाचा, प्रशासकीय अनुभवाचा, वयाचा आणि प्रसिद्धीचा.

मुंबईची दोन नावे

२००५ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांच्या निधनानंतर मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल इव्हान डायस यांचे नाव आशियातील संभाव्य पोप म्हणून घेतले गेले. वांद्र्यात १९३६ मध्ये जन्मलेले डायस हे व्हॅटिकनच्या राजनैतिक सेवेतील मुरलेले अधिकारी होते. घाना, दक्षिण कोरिया आणि अल्बानिया येथे त्यांनी पोपचे प्रतिनिधी म्हणून काम केले होते. अल्बानियात साम्यवादी राजवटीनंतर चर्चची पुनर्बांधणी करण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. अनेक भाषांवरील प्रभुत्व, मुत्सद्देगिरी आणि मुंबईसारख्या बहुधर्मी महानगराचा अनुभव या गोष्टी त्यांच्या बाजूने मोजल्या गेल्या.

डायस पोप झाले नाहीत. मात्र पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, नवे पोप बेनेडिक्ट यांनी त्यांना रोमला बोलावून धर्मप्रसाराचे काम पाहणाऱ्या खात्याचे प्रमुख केले. १६२२ मध्ये स्थापन झालेल्या या खात्याकडे आशिया व आफ्रिकेतील असंख्य धर्मप्रांतांचा कारभार असतो. या अधिकारामुळे त्याच्या प्रमुखाला रोममध्ये ‘लाल पोप’ असे टोपणनाव पडले होते. २०११ पर्यंत डायस या पदावर होते. २०१७ मध्ये त्यांचे रोममध्ये निधन झाले.

२०१३ मध्ये बेनेडिक्ट यांनी पदत्याग केल्यावर दुसरे नाव पुढे आले, तेही मुंबईचेच. कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांचा जन्म १९४४ मध्ये माहीम येथे झाला. मुंबईचे आर्चबिशप होण्यापूर्वी, २००० ते २००६ या काळात, ते आग्र्याचे आर्चबिशप होते. लखनौ, अलाहाबाद, वाराणसी, मेरठ, बरेली व झाशी हे धर्मप्रांत आग्रा महाधर्मप्रांताच्या कक्षेत येतात. म्हणजे ज्या धर्मगुरूंचे नाव २०१३ मध्ये पोपपदासाठी घेतले जात होते, ते काही वर्षांपूर्वी लखनौसह या संपूर्ण प्रांताचे ज्येष्ठ आर्चबिशप होते. पोप फ्रान्सिस यांनी निवडीनंतर काही आठवड्यांतच चर्चच्या कारभारातील सुधारणांसाठी आठ कार्डिनलांचे सल्लागार मंडळ नेमले, त्यात आशियातून ग्रेशियस यांचा समावेश होता.

वयाची अट आणि भारतीय मतदार

नाव यादीत असणे आणि मतदानाचा हक्क असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोप पॉल सहावे यांनी १९७० मध्ये ८० वर्षे पूर्ण केलेल्या कार्डिनलांचा मताधिकार काढून घेतला. आजच्या नियमानुसार पद रिक्त होण्याच्या दिवसापूर्वी ८० वर्षे पूर्ण झालेले कार्डिनल मतदान करू शकत नाहीत. या एका अटीने मुंबईच्या कार्डिनलांचे भाग्य अनेकदा ठरवले.

भारताचे पहिले कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस हे मुंबईचे आर्चबिशप होते. १९५३ मध्ये कार्डिनल झालेल्या ग्रेशियस यांनी १९५८ व १९६३ अशा दोन निवडींत मत दिले. ऑगस्ट १९७८ मधील कॉन्क्लेव्हला मात्र ते आजारपणामुळे जाऊ शकले नाहीत आणि सप्टेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. त्या वर्षीच्या दोन्ही निवडींत लॉरेन्स पिकाची आणि जोसेफ पारेकाट्टिल हे भारतीय मतदार होते.

मरोळ येथे जन्मलेले सायमन पिमेंटा १९८८ मध्ये कार्डिनल झाले आणि २००० मध्ये त्यांनी ८० वर्षे पूर्ण केली. या बारा वर्षांत पोपचे पद एकदाही रिक्त झाले नाही. त्यामुळे त्यांना मतदानाची संधीच मिळाली नाही. ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी २०१३ मध्ये मतदान केले. मात्र डिसेंबर २०२४ मध्ये त्यांना ८० वर्षे पूर्ण झाली आणि चार महिन्यांनी पोप फ्रान्सिस यांचे निधन झाले. कॉन्क्लेव्हपूर्व चर्चांत असे ज्येष्ठ कार्डिनल सहभागी होऊ शकतात, सिस्टिन चॅपेलमध्ये मात्र त्यांना प्रवेश नसतो. निवडून येण्यास वयाची कमाल मर्यादा नाही, त्यामुळे तत्त्वतः ते पोप होऊ शकतात. कार्डिनल नसलेली व्यक्ती पोप होण्याचा शेवटचा प्रसंग १३७८ मधील आहे.

भारतीय मतदारांची संख्या २००५ मध्ये तीन आणि २०१३ मध्ये पाच होती. पाच ही आजवरची सर्वाधिक संख्या होय. २०२५ मध्ये गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्रांव, तिरुवनंतपुरमचे बासेलिओस क्लीमिस, हैदराबादचे अँथनी पूला आणि व्हॅटिकनमध्ये कार्यरत असलेले जॉर्ज कूवाकाड या चौघांनी मतदान केले. मुंबईचा प्रतिनिधी त्यांत नव्हता.

लखनौचा बिशप कसा ठरतो

धर्मप्रांताच्या बिशपाने वयाची ७५ वर्षे पूर्ण झाल्यावर पोपकडे राजीनामा सादर करायचा असतो. त्यानंतर भारतातील पोपचे राजदूत गोपनीय चौकशी करतात. धर्मगुरू व शेजारच्या बिशपांचे मत घेऊन साधारणपणे तीन नावे रोमला पाठवली जातात. भारतातील लॅटिन परंपरेच्या धर्मप्रांतांसाठी, म्हणजे लखनौप्रमाणेच वसई, पुणे वा नागपूर येथेही, हा प्रस्ताव धर्मप्रसार खात्यामार्फत पोपपुढे जातो. केरळमधील सिरो-मलबार चर्चची रीत निराळी आहे. तिथे बिशपांची धर्मसभा आपल्या प्रमुखाची निवड स्वतः करते.

इव्हान डायस २००६ ते २०११ या काळात याच खात्याचे प्रमुख होते. २०२२ च्या पुनर्रचनेनंतर खात्याचे प्रमुखपद पोपनी स्वतःकडे घेतले आणि नव्या धर्मप्रांतांच्या विभागाची जबाबदारी टागले यांच्याकडे आली. म्हणजे २००५ आणि २०२५ मध्ये याद्यांत झळकलेली दोन आशियाई नावे पोपपदापर्यंत पोहोचली नाहीत, परंतु लखनौच्या बिशपपदाच्या प्रस्तावांशी त्यांचा अधिकृत संबंध आला. सामान्य भाविकाच्या दृष्टीने याद्यांतील चढाओढीपेक्षा या नेमणुकांचा परिणाम अधिक दीर्घकालीन असतो. शाळांचे व्यवस्थापन, धर्मगुरूंच्या बदल्या, इतर धर्मीयांशी व प्रशासनाशी संवाद या सर्व गोष्टींवर बिशपांची छाप पडते. लखनौचे बिशप राहिलेले अ‍ॅलन डी लास्टिक हे पुढे दिल्लीचे आर्चबिशप आणि देशातील बिशप परिषदेचे अध्यक्ष झाले, हे या पदाचे महत्त्व दाखवणारे उदाहरण आहे.

पुढील चित्र

पोप लिओ निवडीच्या वेळी ६९ वर्षांचे होते. त्यांची कारकीर्द दीर्घ राहिल्यास आजच्या मतदारांपैकी अनेक जण पुढील कॉन्क्लेव्हपूर्वीच वयोमर्यादा ओलांडतील. फेर्रांव यांना जानेवारी २०३३ मध्ये ८० वर्षे पूर्ण होतील. १९६१ मध्ये जन्मलेले पूला आणि १९७३ मध्ये जन्मलेले कूवाकाड यांचा हक्क त्यानंतरही कायम राहील. नवे कार्डिनल नेमण्याचा अधिकार केवळ पोपना असल्याने पुढील मतदारवर्ग कसा असेल, हे मुख्यतः विद्यमान पोपच ठरवतात.

उत्तर प्रदेशातील एखाद्या धर्मप्रांताचा कारभार पाहत असताना कोणाला कार्डिनलपद मिाळाल्याचे उदाहरण नाही. ओस्वाल्ड ग्रेशियस यांनाही ते आग्रा सोडून मुंबईला आल्यावर, २००७ मध्ये मिळाले. पोपची भारतभेट हा लखनौसह देशभरातील कॅथलिकांच्या आस्थेचा दुसरा विषय आहे. पॉल सहावे १९६४ मध्ये मुंबईला आले होते. जॉन पॉल दुसरे यांनी १९८६ व १९९९ मध्ये भारताला भेट दिली. त्यानंतर कोणतेही पोप पदावर असताना भारतात आलेले नाहीत. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांना निमंत्रण दिले होते. ती भेट त्यांच्या हयातीत होऊ शकली नाही.