मैना गावावर का राहिली?

आज आपल्या गप्पा आहेत एका गाण्याच्या. 'माझी मैना गावावर राहिली' हे गाणं आपल्यातल्या बहुतेकींनी जत्रेत, जयंतीला किंवा लाउडस्पीकरवर ऐकलेलं असेल. ऐकायला ते नवरा-बायकोच्या ताटातुटीचं वाटतं. पण त्यात एक मोठं राजकारणही आहे.

हे गाणं लिहिलं शाहीर अण्णा भाऊ साठे यांनी. त्यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचा. मातंग समाजातलं गरिबीचं घर. शाळा जेमतेम दीड दिवसाची, असं सांगतात. वडिलांबरोबर पायी मुंबई गाठली, मिळेल ते काम केलं, गिरणीतही राबले. १९४४ साली त्यांनी अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभं केलं. गिरणी कामगार आणि शेतकरी यांचं दुखणं ते पोवाड्यातून, लावणीतून मांडत. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने या पथकावर बंदी घातली. डफ-तुणतुण्याची भीती का वाटावी? कारण भाषण माणूस ऐकून विसरतो, गाणं मात्र तोंडात बसतं आणि घरोघरी जातं.

तमाशात आधी गण म्हणून गणपतीला वंदन करण्याची रीत. अण्णा भाऊंनी तिथे मायभूमीला आणि शिवरायांना वंदन केलं. पोटासाठी राबणारा माणूस त्यांनी फडाच्या मधोमध आणला.

आता मैनेकडे येऊ. घरात भागेना म्हणून गडी मुंबईला निघतो आणि बायको गावी राहते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णा भाऊंनी याच ताटातुटीला दुसरा अर्थ दिला. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव हा मराठी मुलखापासून दुरावलेला भाग म्हणजेही मैनाच. सीमेचा प्रश्न नकाशा न दाखवता बाईमाणसालाही कळला, कारण विरह तिने भोगलेला होता. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं, बेळगाव मात्र बाहेरच राहिलं.

पण आम्हाला इथे एक प्रश्न पडतो. या गाण्यात बोलतो तो गडी. मैना काय म्हणते? शेत, जनावरं, म्हातारी सासू, सावकाराचा तगादा हे सगळं तिच्या अंगावर टाकून तो गेला. तिचं म्हणणं कुणी गायलं?

गायलं, आपल्याच आज्यांनी. पहाटे जात्यावर. ओवीत सासुरवास आला, माहेर आलं, दुष्काळ आला. दलित वस्त्यांतल्या बायांनी बाबासाहेबांवरही ओव्या रचल्या. त्यांना कुणी शाहीर म्हटलं नाही, फडावर बोलावलं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी पुण्याहून गावोगाव माणसं जोडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या, म्हणून त्या टिकल्या.

जातं गेलं, गिरणी आली. म्हणून आपलं म्हणणं संपलं का? पाण्याची पायपीट, रेशन, दारूचं दुकान, ऊसतोडीला गेलेली माणसं, सगळं अजून आहेच. पुढच्या बैठकीत हिशेब झाला की दहा मिनिटं काढा. थोरल्या बायांना जुन्या ओव्या म्हणायला लावा, मोबाइलवर भरून ठेवा. आणि त्याच चालीवर एक आपली नवी जोडा.

मैनेला आता स्वतःच बोलू द्या.