कोविड-१९ : आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आरोग्यावरील परिणाम

कोविड-१९च्या साथीत रुग्णसेवा करणाऱ्यांना झालेला संसर्ग, त्यांचे मृत्यू, शरीराची झीज आणि मनावरचा ताण यांविषयीची ही नोंद मुख्यतः भारत व महाराष्ट्रापुरती आहे. आरोग्य कर्मचारी म्हणजे केवळ डॉक्टर आणि परिचारिका नव्हेत. वॉर्डातले मामा-मावशी, सफाई कामगार, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, रुग्णवाहिकेचे चालक आणि आशा स्वयंसेविकाही त्यांत येतात. साथीचा हिशेब मांडताना हीच माणसे सर्वांत आधी सुटतात.

राज्यात पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. सुरुवातीला एन-९५ मास्क व पीपीई किट यांचा तुटवडा होता. पुढे किट मिळाले, पण ते अंगावर चढवले की पाळी संपेपर्यंत पाणी नाही, लघवीला जाणे नाही. किट वाया जाऊ नये म्हणून अनेकींनी डायपर बांधून काम केले; मासिक पाळीत हाल आणखी वाढत. घामाने अंग भिजे, चष्म्यावर वाफ धरे, नाकाच्या हाडावर मास्कचे वळ उठत, कातडी सोलवटे. अशा अवस्थेत सलाइनसाठी शीर शोधावी लागे.

जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी कोविडने दगावले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. भारतात पहिल्या लाटेत सातशेहून अधिक आणि दुसऱ्या लाटेतही तितकेच डॉक्टर गेल्याची नोंद इंडियन मेडिकल असोसिएशनने केली. सप्टेंबर २०२०मध्ये मात्र, आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने अशी आकडेवारी केंद्राकडे ठेवली जात नाही, असे सरकारने संसदेत सांगितले होते. डॉक्टरांची यादी निदान त्यांच्या संघटनेने केली. वॉर्डबॉय आणि सफाई कामगारांमागे तेवढी भक्कम संघटना नव्हती.

महाराष्ट्रातल्या सुमारे ७० हजार आशांनी घरोघरी ताप आणि ऑक्सिजनची पातळी तपासली. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम त्यांच्याच पायांवर उभी होती. त्यांना पगार नव्हता, मानधन होते. त्यात वाढ मिळावी म्हणून जून २०२१मध्ये त्यांना संप करावा लागला.

मनावरचे घाव उशिरा दिसले. निद्रानाश, चिडचिड, नैराश्य यांच्या तक्रारी सर्वत्र आढळल्या. घरी म्हातारे आईवडील, लहान मुले. संसर्ग आपणच नेऊ ही धास्ती. काही ठिकाणी घरमालकांनी खोल्या सोडायला लावल्या, रुग्णांच्या नातेवाइकांनी मारहाण केली. तेव्हा एप्रिल २०२०मध्ये वटहुकूम काढून १८९७च्या साथरोग कायद्यात हल्लेखोरांना जबर इजेबद्दल सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. हा कायदा मुळात प्लेगच्या साथीतला. त्याच साथीत पुण्यात रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी मृत्यू आला होता.

मार्च २०२०च्या अखेरीस केंद्राने ५० लाख रुपयांचे विमाकवच लागू केले. त्यात आशांचाही समावेश होता. साथीत दवाखाना उघडा ठेवून दगावलेल्या काही खाजगी डॉक्टरांच्या कुटुंबांचे दावे मात्र, शासनाने त्यांची सेवा अधिग्रहित केली नव्हती, या कारणावरून फेटाळले गेले आणि हा वाद न्यायालयांत गेला.